30 अँपिअर, 29 तास

रविवार, पहाटे 1 वाजून 10 मिनिटं. ॲरिझोनातल्या लेक हवासू सिटीजवळच्या एका कॅम्पग्राउंडवर भाड्यानं घेतलेली आरव्ही पेट घेते. आत सहा माणसं झोपलेली आहेत: निवृत्त आजोबा, आजी, मुलगा, सून आणि दोन नातवंडं. हे कुटुंब कल्पित आहे. ते ज्या क्रमानं आगीपर्यंत पोचतं तो क्रम मात्र चाकांवरच्या घरांत वारंवार घडणारा आहे. त्यात एकही दोष दुर्मीळ नाही, आणि दुरुस्त न होण्यासारखाही नाही.

उरले 29 तास. शुक्रवार, रात्री 8:10

फ्लॅगस्टाफजवळचं जंगल. फुकट मुक्काम करता येतो अशी जागा. पाणी नाही, वीज नाही. उंची सुमारे 2,100 मीटर, त्यामुळे जुलैतही रात्री गारठा पडतो.

अशा गाडीत विजेचे दोन संसार असतात. एक 12 व्होल्टचा, बॅटरीवरचा: दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा, गॅस-अलार्म, आणि गॅसवर चालणाऱ्या फ्रिजचा कंट्रोल बोर्डसुद्धा. दुसरा 120 व्होल्टचा, बाहेरून केबल जोडली की जिवंत होणारा: एसी, मायक्रोवेव्ह, पाणी तापवण्याचा विजेचा एलिमेंट. दोघांमधला दुवा म्हणजे कन्व्हर्टर. बाहेरची वीज मिळाली की तो बॅटरी चार्ज करतो.

गाडी ताब्यात घेताना हे सगळं वीस मिनिटांत सांगून झालं होतं. त्या वेळी पॅनेलवरची वॉटर हीटरची दोन्ही बटणं चालू केली गेली, ‘गॅस’ आणि ‘इलेक्ट्रिक’. जंगलात 120 व्होल्ट नसल्यामुळे दुसरं बटण नुसतंच लाल चमकत राहतं.

उरले 21 तास. शनिवार, पहाटे 4:10

पलंगाच्या पायथ्याशी, जमिनीलगत बसवलेला गॅस-अलार्म दर मिनिटाला चिरकतो. प्रोपेन हवेपेक्षा जड, म्हणून हा अलार्म खाली असतो. गॅस गळत नाहीये. रात्रभर हीटरचा पंखा सात-आठ अँपिअर खात राहिलाय आणि बॅटरी 11.7 व्होल्टवर आलीय. लेड-ॲसिड बॅटरी भरलेली असली की 12.6 च्या पुढं दाखवते. 12 च्या खाली गेली म्हणजे ती उपसून काढलेली असते.

अलार्म तेवढंच सांगतोय. मुलगा फ्यूज-बॉक्स उघडतो, अलार्मचा फ्यूज उपसतो आणि झोपतो. फ्यूज ड्रॉवरमध्ये जातो तो जातोच.

उरले 17 तास. सकाळी 8:10

फ्रिजवर ‘चेक’चा दिवा. दूध कोमट.

या आरव्हीतला फ्रिज घरातल्यासारखा कॉम्प्रेसरवाला नाही. बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन स्वीडिश तरुणांनी 1922 मध्ये शोधलेली ही रचना. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन यांचं मिश्रण उष्णतेनं फिरत राहतं. उष्णता गॅसच्या ज्योतीची चालते, विजेच्या एलिमेंटचीही चालते. हलणारा एकही भाग नाही, म्हणून आवाज नाही. पण द्रव गुरुत्वाकर्षणानं वाहत असल्यामुळे गाडी सपाट जागी हवी. उतारावर द्रव साचतो, बॉयलर कोरडा तापतो, आणि असं वारंवार झालं की नळी कायमची बुजते.

आजोबा नातीचा चेंडू जमिनीवर ठेवतात. तो गडगडत मागच्या खोलीच्या दारापर्यंत जातो. “गाडीच वाकडी उभी केलीस रे,” ते म्हणतात. त्यांचं म्हणणं बरोबर आहे, पण ते अर्धंच कारण आहे. ज्योत पेटवणाऱ्या कंट्रोल बोर्डाला पुरेसे व्होल्टही मिळत नाहीयेत.

दरम्यान आजी पोह्यांची फोडणी टाकतात. एवढ्याशा खोक्यात मोहरी-मिरचीचा ठसका उठताच छतावरचा स्मोक अलार्म किंचाळतो. नातू कानांवर हात ठेवतो. सून खुर्चीवर चढून अलार्ममधली 9 व्होल्टची बॅटरी काढते. “नंतर लावू.”

गाडी सुरू होते, अल्टरनेटर बॅटरीला थोडा धीर देतो, फ्रिजची ज्योत पेटते. मुलाचा निष्कर्ष: फ्रिज जरा लहरी आहे. निघण्याच्या घाईत बॅटरीचा विषय संपतो.

उरले 10 तास. दुपारी 3:10

लेक हवासू. फ्लॅगस्टाफपासून सव्वातीनशे किलोमीटर आणि जवळपास दोन हजार मीटर खाली. ॲरिझोनाचं आजवरचं सर्वाधिक तापमान याच गावात नोंदलं गेलं: 29 जून 1994, सुमारे 53 अंश सेल्सियस. आज 46 आहे.

जागेवर विजेचा खांब आहे. त्यावर 30 अँपिअरचा एक सॉकेट, 50 चा एक, आणि प्रत्येकाचा ब्रेकर. मुलगा खांबावर आधी व्होल्टेजरक्षक डबा लावतो, त्यात केबल, आणि केबलचं दुसरं टोक गाडीच्या मागच्या कोपऱ्यातल्या इनलेटमध्ये. हे टोक घालून पीळ द्यायचा असतो आणि वरची रिंग आवळायची असते. टोक आत जातं, पीळ अर्धाच बसतो, रिंग तशीच राहते. इनलेटची एक पितळी पट्टी आधीच्या भाडेकरूंच्या काळात काळवंडलेली आहे. उन्हात तिथं वाकून बघायला कोण थांबतंय?

आत सून पॅनेलवरचं वॉटर हीटरचं ‘गॅस’ बटण बंद करते. विजेचे पैसे जागेच्या भाड्यातच आहेत, गॅस मात्र परत करताना भरून द्यायचाय. हिशेब चोख आहे. ती हे नवऱ्याला सांगत नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही नसतंच.

उरले 9 तास 40 मिनिटं. दुपारी 3:30

एसी 15 अँपिअर. वॉटर हीटरचा एलिमेंट 1,440 वॅट, म्हणजे 12 अँपिअर. फ्रिज वीज मिळताच आपोआप गॅसवरून विजेवर आला, 3 अँपिअर. रिकामी बॅटरी भरणारा कन्व्हर्टर 7. एकूण 37.

मग आजोबांच्या चहासाठी मायक्रोवेव्ह सुरू होतो: आणखी 13. मिनिटभरात गाडीतला 30 अँपिअरचा मुख्य ब्रेकर पडतो.

“एमसीबी पडली,” आजोबा म्हणतात. त्यांची हयात महावितरणच्या लाइनवर गेली. “लोड जास्त झाला.”

मुलगा ब्रेकर वर करतो आणि नियम करून टाकतो: मायक्रोवेव्ह आणि एसी एकत्र लावायचे नाहीत. पुढचा अर्धा-पाऊण तास सगळं सुरळीत चालतं, कारण तेवढ्यात टाकीतलं 23 लिटर पाणी तापतं आणि थर्मोस्टॅट एलिमेंट बंद करतो. बारा अँपिअर कुणाला न कळता यादीत आले आणि कुणाला न कळता गेले. दोष मायक्रोवेव्हच्या नावावर लागला.

उरले 9 तास. दुपारी 4:10

अख्ख्या कॅम्पग्राउंडचे एसी एकदम चालू आहेत. एकाच लांब लाइनवरच्या शेवटच्या खांबांवर व्होल्टेज घसरतं. व्होल्टेजरक्षक डब्याच्या काचेवर 103. हा डबा साधारण 104 च्या खाली वीज तोडतो, दोन-अडीच मिनिटं थांबतो, व्होल्टेज सुधारलं तर पुन्हा जोडतो. पुन्हा 103, पुन्हा तोडतो.

“लाइट डिम आहे,” आजोबा सांगतात. “एसीचा कॉम्प्रेसर कमी व्होल्टेजला जास्त करंट ओढतो. जळेल. ऊन उतरेपर्यंत बंद ठेवा.”

“बाबा, आत 38 आहे. आईला चक्कर येतेय.”

दोघांचंही खरं आहे, आणि इथंच घटनाक्रमाला वळण मिळतं. तळ्याकाठच्या सावलीत किंवा गावातल्या एखाद्या थंडगार दुकानात दोन तास काढता आले असते. त्याऐवजी मुलगा डबा काढून ठेवतो आणि केबल थेट खांबाला जोडतो. एसी घरघरतो आणि चालू राहतो. सगळ्यांना हायसं वाटतं. सारखा बंद पडणारा डबाच बिघडलेला होता, असं ठरतं.

एव्हाना केबलमधून 23 अँपिअर वाहताहेत. त्या अर्धवट पिळाच्या, काळवंडलेल्या जोडाचा रोध 0.05 ओहम धरा. करंटचा वर्ग गुणिले रोध: 26 वॅट. एक सोल्डरिंग आयर्न चालू करून प्लगच्या पोटात ठेवून द्यावं, तसं. ब्रेकर गप्पच राहतो. ब्रेकर करंट मोजतो; तारेवर, वीस फूट लांबच्या जोडावर किती उष्णता साचतेय हे कळायला त्याच्याकडे साधनच नाही.

अमेरिकेतल्या 120 व्होल्टला आपण ‘निम्मी वीज, निम्मा धोका’ समजतो. झटक्यापुरतं ते काहीसं खरं. पण 1,440 वॅटचा एलिमेंट आपल्याकडच्या 230 व्होल्टवर सव्वासहा अँपिअर घेतो, इथं 12. तोच सैल जोड इथं जवळजवळ चौपट तापतो.

उरले 6 तास 30 मिनिटं. संध्याकाळी 6:40

नातवंडं तळ्यातून आलीत. अंघोळी सुरू. टाकीत गार पाणी शिरतं, थर्मोस्टॅट एलिमेंट चालू करतो. व्होल्टेज कमी असल्यामुळे तो आता दहाच अँपिअर घेतो, पण एसी जास्त घेतो; बॅटरी भरत आल्यामुळे कन्व्हर्टर मात्र कमी. बेरीज 32. या वेळी खांबावरचा ब्रेकर पडतो. तो दिवसभर उन्हात तापलाय, आणि ब्रेकरही उष्णतेवर चालत असल्यामुळे तापलेला ब्रेकर लवकर पडतो.

मायक्रोवेव्ह तर बंद होता. मग?

“गीझर चालू आहे का कुठला?” आजोबा अचूक जागी बोट ठेवतात.

“गीझर नाही बाबा. पाणी गॅसवर तापतं इथं.”

मुलाला खरंच तसं वाटतं. सून आत नातवाचं डोकं पुसतेय. ‘इलेक्ट्रिक’चा लाल दिवा जंगलातही चमकत होता, त्यामुळे आता कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. बिघाड शोधायला लागणारी सगळी माहिती त्या गाडीत आहे, फक्त ती तीन डोक्यांत वाटली गेलीय.

खांबावर शेजारीच 50 अँपिअरचा सॉकेट आहे आणि गाडीच्या कप्प्यात 50 ला 30 जोडणारा ॲडॉप्टर. मुलगा तो लावून केबल तिकडे जोडतो. असा ॲडॉप्टर सर्रास वापरला जातो आणि गाडीच्या आतल्या भागापुरता तो घातक नसतो, कारण गाडीचा स्वतःचा 30 चा ब्रेकर आत असतोच. पण केबल आणि इनलेट या ब्रेकरच्या अलीकडे येतात. तिथं काही झालं तर आता त्यांच्या पाठीशी फक्त 50 अँपिअरचा ब्रेकर आहे.

आणि 30 चा ब्रेकर 32 वर लगेच पडतो हाही गैरसमज. अमेरिकी मानकाप्रमाणे त्यानं 135 टक्के भारावर एका तासाच्या आत पडावं, एवढीच अपेक्षा असते. थोड्याशा जादा भारावर तो तासन्‌तास धरून राहू शकतो. म्हणूनच सतत चालणाऱ्या भारासाठी 80 टक्क्यांची मर्यादा पाळतात. 30 च्या जोडणीवर 24 अँपिअर.

गाडी पुन्हा चालू. कुणी काही दुरुस्त केलेलं नाही. मात्र जोड तापून त्याचा रोध दुप्पट झालाय. 32 अँपिअर, 0.1 ओहम: 100 वॅटच्या वर.

उरले 4 तास. रात्री 9:10

जेवताना सुनेला वास येतो, जळक्या मासळीसारखा. तापलेल्या विजेच्या प्लास्टिकचा वास अनेकदा नेमका असाच येतो. पण इथं पलीकडे तळं आहे आणि शेजारच्या जागेवर शेगडी पेटलीय. “कुणीतरी मासे भाजतंय.” खिडकी लावली जाते.

याच क्षणी एखादा साधा मल्टिमीटर पुरेसा होता. खांबाच्या सॉकेटवर एक माप, गाडीच्या आतल्या सॉकेटवर दुसरं. दोन्हींत व्होल्ट-दीड व्होल्टचा फरक लांब केबलचा म्हणून सोडून देता येतो. पाच-सहा व्होल्टचा फरक पडला तर ते व्होल्ट वाटेत कुठंतरी उष्णता होऊन जाताहेत.

उरले 2 तास 30 मिनिटं. रात्री 10:40

आजोबांना चैन पडत नाही. टॉर्च घेऊन ते खांबापाशी जातात, केबलवर हात ठेवतात. कोमट. दिवसभर तापलेल्या रेतीवर पडलेली केबल कोमट असणारच. प्लग दाबून बघतात, घट्ट आहे. लाइनमनची सवय त्यांना खांबाकडे घेऊन गेली; घराकडचं टोक तपासायचं काम लाइनमनचं कधी नव्हतंच. गाडीचा मागचा कोपरा अंधारात आहे.

उरली 55 मिनिटं. रविवार, रात्री 12:15

सगळ्यांचं आवरून झाल्यावर सून शेवटची अंघोळ करते. एलिमेंट पुन्हा चालू. बाहेर अजून 35 अंश, त्यामुळे एसी एकदाही थांबलेला नाही.

जोडाचा रोध आता 0.2 ओहम. उष्णता 200 वॅट. इथून पुढं बिघाड स्वतःच स्वतःला वाढवतो: पितळेची स्प्रिंग तापून मऊ पडते, पकड सैल होते, सैल पकडीत ठिणग्या पडतात, पृष्ठभाग जळून काळा होतो, रोध वाढतो, उष्णता आणखी वाढते. भोवतीचं प्लास्टिक वितळून कोळसा होतं आणि हा कोळसा वीज वाहून नेतो. जो पदार्थ फेज आणि न्यूट्रल यांना दूर ठेवायला होता, तोच त्यांना जोडू लागतो.

उरली 5 मिनिटं. 1:05

इनलेटच्या आत ज्वाला. गाडीच्या भिंतीत फायबरग्लासच्या पातळ पत्र्यामागं प्लायवुड आणि फोम आहे. धूर भिंतीतून वर चढतो आणि छताखाली पसरतो, बरोबर त्या अलार्मपाशी ज्याची बॅटरी मसाल्याच्या डब्याशेजारी पडलीय. गाडीतला मुख्य ब्रेकर या आगीच्या पलीकडे आहे. तो पडला तरी आगीला फरक पडत नाही. खांबावरचा 50 चा ब्रेकर या तुटक, धगधगत्या ठिणगीत पडण्याइतका सलग करंट बघत नाही.

1:10

तार जळून तुटते. एसी थांबतो.

आजोबा त्याच सेकंदाला जागे होतात. लोडशेडिंगच्या वर्षांनी महाराष्ट्रातल्या कितीतरी लोकांना ही सवय लावलीय: पंखा थांबला की डोळे उघडतात. अंधार, मासळीचा वास, घशात धूर. “उठा! बाहेर! सामान राहू दे!”

आजोबा, आजी आणि नातवंडं उजवीकडच्या दारानं बाहेर पडतात. मागच्या खोलीत मुलगा-सून अडकतात, कारण आग त्यांच्याच कोपऱ्यात आहे. खिडकीची लाल कडी ओढली की अख्खी खिडकी बाहेर उघडते, हे त्या वीस मिनिटांतलं एक वाक्य सुनेला आठवतं. दोघं खिडकीतून रेतीत उड्या टाकतात. शेजारी पळत येऊन खांबावरचा ब्रेकर पाडतो. थोड्या वेळानं गॅसटाकीचा सुरक्षा-व्हॉल्व्ह दाब सोडतो आणि त्या झोताची ज्योत होते. टाकी फुटू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. अग्निशमन दलाचा बंब येईपर्यंत गाडीची चौकट उरलेली असते.

सहाही जण जिवंत आहेत.

नंतर

आरव्हीची आग म्हटली की पहिला संशय फ्रिजवर जातो आणि त्याला कारण आहे. 2006 मध्ये डोमेटिक कंपनीनं बॉयलरच्या नळीला तडा जाण्याच्या धोक्यापायी नऊ लाखांहून अधिक फ्रिज परत दुरुस्तीला बोलावले होते. इथं मात्र जळण्याचा सर्वांत खोल डाग मागच्या कोपऱ्यात आहे आणि इनलेटच्या जागी वितळलेल्या तांब्याचे मणी.

29 तासांत या गाडीनं निदान सहा वेळा तक्रार केली: गॅस-अलार्म, फ्रिज, गाडीतला ब्रेकर, व्होल्टेजरक्षक डबा, खांबावरचा ब्रेकर आणि तो वास. प्रत्येक वेळी घरच्यांनी काहीतरी केलं, आळस कुणीच केला नाही. पण ‘चालू झालं’ म्हणजे ‘दुरुस्त झालं’ असं धरल्यामुळे प्रत्येक उपायानं तक्रार करणारा एकेक साक्षीदार कमी केला. स्मोक अलार्म तर तक्रार करायला उरलाच नव्हता.

ब्रेकर पडला की तो वर करण्याआधी दोन मिनिटं द्यायची. गाडीतल्या सगळ्यांना विचारून, चालू असलेल्या प्रत्येक वस्तूचे अँपिअर कागदावर लिहायचे. वॉटर हीटर, कन्व्हर्टर आणि फ्रिज हे तीन मुके ग्राहक आधी लिहायचे, कारण तेच विसरले जातात. व्होल्टेज दोन्ही टोकांना मोजायचं. खांबावरचा ब्रेकर बंद करून केबलची दोन्ही टोकं हातानं तपासायची. गरम लागलं, पितळ काळं दिसलं, तर ते टोक त्या दिवशी पुन्हा वापरायचं नाही.

शनिवारी संध्याकाळी असा कागद झाला असता, तर सुनेनं ‘पाणी विजेवर आहे’ म्हटलं असतं आणि आजोबांनी लगेच ते बटण बंद करायला सांगितलं असतं. 32 अँपिअरचे 22 झाले असते आणि त्या जोडावरची उष्णता निम्म्याखाली आली असती. शेजारचं ‘गॅस’ बटण दाबून पाणी तरीही तापलंच असतं. परत करताना भरून द्यायचा गॅस थोडा जास्त लागला असता, एवढंच.